आजोबा आणि त्यांचे मित्र जुन्या गोष्टी काढून इतके का हसतात? त्यांना आजचा काळ आवडत नाही का?

तुमच्या आजोबांचे मित्र जमले की ‘आमच्या वेळी’ सुरू होतं, सगळे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात आणि त्यात विनोद कुठे आहे तेच तुम्हाला कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं वय ७१. रोज संध्याकाळी आम्ही चार-पाच मैत्रिणी अशाच हसतो, म्हणून खात्रीने सांगते, आजचा काळ आम्हाला नकोसा झालेला नाही. हातातला मोबाइल देऊन तबकडीचा फोन परत घ्यायला आमच्यातली एकही तयार होणार नाही.

इंटरनेट बंद पडलं की आमच्यातली एक मोठ्याने विचारायची, “आलं का?” की लगेच बाकीच्या आम्ही ओरडायचो, “नाही! अजून थोडं डावीकडे!” माझ्या नातीला हे काय चाललंय ते कळेना. मग तिला सांगितलं, टीव्हीचा अँटेना गच्चीवर असायचा. पडद्यावर मुंग्या आल्या की एकाने वर जाऊन तो फिरवायचा, एकाने टीव्हीसमोर उभं राहायचं आणि तिसऱ्याने जिन्यातून निरोप पोचवायचे. चित्र नीट दिसेपर्यंत निम्मा कार्यक्रम संपलेला. नात हसली, पण आम्ही हसतो तशी नाही. तिला ती गोष्ट सांगावी लागली. आम्ही त्या जिन्यात उभ्या राहिलो होतो.

आमची सगळी मजा त्या न सांगण्यात आहे. कुणी नुसतं “पेन्सिल” म्हणायचा अवकाश, प्रत्येकीला कॅसेटमधून बाहेर लोंबणारी फीत आठवते आणि चाकात पेन्सिल घालून ती हळूहळू गुंडाळत बसणंही. ३६ फोटोंचा रोल महिनोन्‌महिने पुरवून वापरायचा, धुवून आणल्यावर बघावं तर नेमक्या हव्या त्या फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले. दुसरा फोटो मिळायचा नाही, तोच अल्बममध्ये लागायचा. आमच्या लग्नांच्या अल्बमांत असे मिटल्या डोळ्यांचे कितीतरी पाहुणे आहेत आणि आज तेच फोटो आम्हाला सर्वांत लाडके आहेत. बोलण्यातही जुनं शिल्लक आहे बघा. “चल, फोन ठेवते,” असं आपण अजून म्हणतो. तुम्हीही म्हणत असाल. पण ठेवायचा कुठे? रिसीव्हर ज्यावर ठेवायचा ते यंत्रच आता घरात नाही.

म्हातारी माणसं सारखी मागचं बोलतात याला पूर्वी डॉक्टरही मन थकल्याचं लक्षण समजत. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ साली याच्या उलट मांडलं : उतारवयात आयुष्य पुन्हा चाळून बघणं स्वाभाविक आहे, त्यातून माणूस जुन्या गोष्टींचा मनाशी मेळ घालतो. मला ते पटतं, कारण आमच्या बैठकीत नेमकं तेच होतं. एकीला प्रसंग अर्धा आठवतो, दुसरी पुरा करते, तिसरी म्हणते, “छे, त्या दिवशी पाऊस नव्हता.” मानसशास्त्रज्ञांना असंही आढळलंय की उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त येतात. म्हणून आजोबांच्या गोष्टींत ते नेहमी तरुणच असतात.

सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं. माझ्या आत्याच्या आजारपणाचं पत्र आमच्या हाती पडलं तेव्हा आत्या जाऊन चार दिवस झाले होते. वडील ते पत्र हातात धरून कितीतरी वेळ उभे होते. त्या वाट बघण्याला मी कधी चांगले दिवस म्हणणार नाही. नातीचा चेहरा दूर देशातून मला रोज दिसतो, हे सुख माझ्या आईला मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा आजोबांच्या जवळ जाऊन बसा. “तुमच्या वेळी कसं होतं?” असं मोघम विचारू नका, त्याला “छान होतं” एवढंच उत्तर येईल. एखादी वस्तू घेऊन विचारा. ही कशी चालवायची, बिघडली की काय करायचात, घरात पहिली कुणी हाताळली?

माझ्या नातीने मला असंच विचारलं, “आजी, तबकडी फिरवून नंबर कसा लावायचा?” मी तिला सांगत होते की प्रत्येक आकड्याला बोट अडेपर्यंत फिरवायचं, सोडायचं आणि तबकडी जागेवर येईपर्यंत थांबायचं. शून्याला सर्वांत जास्त थांबावं लागायचं, कारण त्याचे दहा ठोके पडायचे. दाखवण्यासाठी मी हवेतच बोट फिरवत होते. शेवटी लागोपाठ दोन शून्यं आली तेव्हा कुठे लक्षात आलं की बोट कुणाचा नंबर फिरवतंय. “आलं का?” विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा. तिला जाऊन दीड वर्ष झालंय. त्या दोन शून्यांवरून मी तिच्याशी कितीदा भांडले होते. नातीने विचारलं, “कुणाचा नंबर होता?” मग त्या रात्री आम्ही दोघी उशिरापर्यंत बोलत बसलो.