शाळेचे मैदान आणि विधिमंडळातला प्रश्न
(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे)

प्रश्न : आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर एका बाजूने अतिक्रमण झाले आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांना दोनदा अर्ज दिले, काही झाले नाही. आमदार म्हणतात, ‘लिहून द्या, अधिवेशनात प्रश्न टाकतो.’ नेमके काय लिहून द्यायचे?
– शाळा व्यवस्थापन समितीच्या एक सदस्य, सातारा जिल्हा

उत्तर : आमदारांना निवेदन देऊ नका, कच्चा प्रश्नच लिहून द्या. निवेदनात व्यथा असते आणि प्रश्नाला पुरावा लागतो. दोन पानी निवेदनातून प्रश्न काढायचे काम स्वीय सहायकाकडे गेले की गट क्रमांक, तारखा आणि क्षेत्रफळ गळून पडते आणि ‘राज्यातील अनेक शाळांना मैदान नाही, हे खरे आहे काय’ एवढे मोघम वाक्य उरते. त्याला उत्तरही तितकेच मोघम येते.

विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. तुमच्या बाबतीत तो असा भरता येईल (यूडायस क्रमांक म्हणजे सरकारी शालेय माहितीत प्रत्येक शाळेला दिलेला ओळख क्रमांक) :

(१) मौजे … , तालुका … येथील जिल्हा परिषद शाळेच्या (यूडायस क्रमांक …) गट क्रमांक … मधील क्रीडांगणावर अतिक्रमण झाल्याची तक्रार शाळा व्यवस्थापन समितीने दिनांक … रोजी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे केली, हे खरे आहे काय;
(२) या क्रीडांगणाची शासकीय मोजणी शेवटची कोणत्या दिनांकास झाली व त्यात किती चौरस मीटर क्षेत्र अतिक्रमित आढळले;
(३) उक्त तक्रारीवर कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या दिनांकास कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्या भागात एकच गोष्ट आहे, आणि तिची पोच तुमच्या हातात आहे, हे लक्षात घ्या. तिथे ‘अतिक्रमण झाले आहे व मुलांना रस्त्यावर खेळावे लागते, हे खरे आहे काय’ असे दोन मुद्दे ‘व’ने जोडले, तर खात्याला ‘हे खरे नाही’ किंवा ‘अंशतः खरे आहे’ असे लिहायला वाट मिळते. पुढचे सगळे भाग ‘असल्यास’ने सुरू होत असतील, तर त्यांच्यासमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तीन शब्द येतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून दुसरा भाग मुद्दाम मोकळा ठेवला आहे. पहिल्याचे उत्तर काहीही आले, तरी मोजणीची तारीख द्यावीच लागते. मोजणी झालेलीच नसेल, तर तेही लेखी येते, आणि ते उत्तर तुमच्या पुढच्या अर्जाला जोडता येते.

सोबत जोडायचे कागद मोजकेच : तक्रारीची पोच असलेली प्रत, जागेचा सातबारा (शहरात मिळकत पत्रिका), समितीच्या ठरावाची प्रत आणि तारीख दिसणारे दोन फोटो. सातबारा आधी नीट वाचा. गावोगावी शाळेला जागा तोंडी दानात मिळालेली असते आणि उताऱ्यावर अजून दात्याचे किंवा त्याच्या वारसांचेच नाव असते. तसे असेल तर ‘अतिक्रमण’ हा शब्द सभागृहात टिकणार नाही. त्याऐवजी जागा शाळेच्या नावे करण्याची कार्यवाही कुठवर आली, हे विचारा. जागा शाळेच्याच नावे असेल, तर भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज आजच करा, प्रश्नाची वाट पाहू नका. जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यातली असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली ग्रामपंचायतीला अतिक्रमण हटवता येते. सरकारी जमीन असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली महसूल खात्याने कारवाई करायची असते.

प्रकरण न्यायालयात आहे का, हेही पाहून घ्या. न्यायप्रविष्ट बाबीवरचा प्रश्न सहसा स्वीकारला जात नाही. पण न्यायालये या विषयावर ठाम आहेत. २०२३ मध्ये हरियाणातील यमुनानगर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या मैदानावरचे अतिक्रमण पैसे घेऊन नियमित करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही, असे स्पष्ट केले. आमदारांना दिलेल्या कागदात याची एक ओळ जरूर असू द्या.

शेवटी वेळेचे गणित. प्रश्न स्वीकारण्याच्या तारखा अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधीच्या असतात. नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात, म्हणजे कागद दिवाळीच्या सुमारास आमदारांच्या हातात हवेत. पावसाळी अधिवेशनासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीतच तयारी लागते, आणि सुट्टीत मुख्याध्यापक गावी नसतात, म्हणून शाळेचे कागद एप्रिल संपायच्या आत काढून ठेवा. काही माहिती अधिकारात मागवायची असेल, तर आणखी मागे जा. अर्ज १० रुपयांच्या शुल्कात होतो, उत्तराला ३० दिवस आणि उत्तर न आल्यास पहिल्या अपिलाला पुन्हा तितकेच. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो.

प्रश्न : तारांकित, अतारांकित, लक्षवेधी यांपैकी शाळेच्या खेळासाठी कोणते आयुध चांगले? आणि आमदारांऐवजी खासदारांकडे गेलो तर?
– एक निवृत्त क्रीडा शिक्षक, नाशिक

उत्तर : आकडे हवे असतील तर अतारांकित. त्याला लेखी उत्तर येते, तोंडी चर्चा नाही, पण जिल्हावार तक्ता मिळू शकतो. मंत्र्यांकडून सभागृहात काही कबूल करून घ्यायचे असेल तर तारांकित, कारण त्यावर उपप्रश्न विचारता येतात. मात्र प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे छापील राहतात. लक्षवेधी सूचना ताज्या आणि तातडीच्या घटनेसाठी असते. मैदानावर बांधकाम सुरू झाले असेल तर ती योग्य, वर्षानुवर्षे मैदानच नाही यासाठी नव्हे.

एक मार्ग बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी ७ शिक्षक मतदारसंघातून येतात. शाळेच्या वेळापत्रकाचा किंवा शिक्षकांच्या पदांचा प्रश्न असेल, तर त्यांच्याकडे तो लवकर पोचतो.

खासदारांबद्दल : राज्यघटनेत क्रीडा हा राज्यसूचीतला विषय आहे, तर शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे. तेव्हा मैदान आणि क्रीडा शिक्षक हे प्रश्न मुंबईत किंवा नागपुरात विचारायचे, तर समग्र शिक्षातून राज्याला खेळासाठी किती पैसे मंजूर झाले आणि किती खर्च झाले, हे दिल्लीत विचारायचे. या योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के वाटा उचलते. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते.

कोणत्या मंत्र्याला उद्देशून प्रश्न लिहायचा, यातही गफलत होते. शालेय शिक्षण आणि क्रीडा ही खाती कधी एका मंत्र्याकडे असतात, कधी दोघांकडे. विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षित भूखंडाचा प्रश्न तर नगरविकास खात्याचा. चुकीच्या खात्याकडे गेलेला प्रश्न वर्ग होता होता अधिवेशन संपते. आरक्षित भूखंडाबाबत आणखी एक तारीख जपा : अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. अशी नोटीस आली आहे काय आणि कोणत्या दिनांकास, एवढेच विचारले तरी मैदान वाचू शकते. आरक्षण गेल्यावर विचारून काही हाती लागत नाही.

प्रश्न : सरकारी आकडेवारीत आमच्या शाळेपुढे ‘मैदान आहे’ अशी नोंद दिसते. प्रत्यक्षात दोन खोल्यांपुढचे अंगण आहे. हे कसे?
– एक पालक, पुणे

उत्तर : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवे असे म्हटले आहे, पण किती मोठे हे तिथे लिहिलेले नाही. त्यामुळे यूडायसच्या माहितीपत्रकात ‘होय’ लिहिणारा मुख्याध्यापक खोटे लिहितो असे नाही, मापच ठरलेले नाही. शिवाय स्वतःचे मैदान नसेल तर शेजारच्या मैदानात किंवा उद्यानात खेळण्याची सोय आहे का, असाही रकाना त्या पत्रकात आहे. भाषणात आणि बातमीत हे दोन्ही आकडे एकत्र होऊन बाहेर येतात.

म्हणून प्रश्न फोडून विचारावा : स्वतःच्या मालकीचे मैदान असलेल्या शाळा किती, केवळ शेजारच्या जागेची सोय असलेल्या किती, आणि पहिल्या गटातल्या किती शाळांचे मैदान खो-खोचे एक क्रीडांगण मावेल एवढे आहे. शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो माप देतो. खो-खोचे मैदान २७ मीटर बाय १६ मीटर असते, भोवती दीड मीटर मोकळी जागा धरली तर ३० बाय १९. कबड्डीला १३ बाय १० लागते, किशोर गटाला ११ बाय ८. व्हॉलीबॉलला १८ बाय ९. तुमच्या अंगणात यातले काय मावते ते टेपने मोजा आणि आकडा समितीच्या इतिवृत्तात लिहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करणे हे समितीचेच काम आहे, त्यात मैदानाचे माप आलेच पाहिजे.

पैशांबद्दलही हीच फोड करा. समग्र शिक्षातून सरकारी शाळांना वर्षाला प्राथमिकसाठी ५,००० रुपये, उच्च प्राथमिकसाठी १०,००० पर्यंत आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकसाठी २५,००० पर्यंत क्रीडा अनुदानाची तरतूद आहे. ‘अनुदान दिले काय’ असे विचारू नका, ‘कोणत्या दिनांकास शाळेच्या खात्यात जमा झाले’ असे विचारा. रक्कम मार्चअखेर आली की खरेदी घाईत होते, चेंडू आणि दोऱ्या कपाटात जातात आणि उन्हाळी सुट्टी लागते. कागदावर मात्र अनुदान शंभर टक्के खर्च झालेले असते.

प्रश्न : वर्गाबाहेरच्या शिक्षणावर, दप्तराविना दिवसांवर सभागृहात काय विचारता येईल? आमच्या शाळेत त्या दिवशी मुलांना हॉलमध्ये चित्रपट दाखवतात.
– एक शिक्षिका, अमरावती

उत्तर : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीत १० दप्तराविना दिवस सांगितले आहेत, आणि त्यांचा हेतू स्थानिक कारागिरांकडे आणि व्यावसायिकांकडे जाऊन शिकणे हा आहे. तेव्हा ‘असे दिवस राबविले काय’ हा प्रश्न फुकट जाईल, उत्तर ‘होय’ येईल. किती शाळांनी मुलांना आवाराबाहेर नेले, प्रवासासाठी कोणत्या लेखाशीर्षातून किती रक्कम दिली, आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची याच्या लेखी सूचना कोणत्या दिनांकास काढल्या, हे विचारायला हवे. तिसरा मुद्दा शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे. बाहेर न नेण्याचे खरे कारण बहुतेक वेळा आळस नसतो, काही झाले तर आपण एकटे पडू ही भीती असते.

दरम्यान आवारात बरेच करता येते. तास वेळापत्रकात ‘मैदानावर’ असा लिहूनच ठेवा, नाहीतर तपासणीला आलेल्यांना वर्ग रिकामा दिसतो आणि शेरा मिळतो. चुन्याची फक्की आणि ३० मीटरचा टेप घेऊन सहावीच्या मुलांकडून खो-खोचे क्रीडांगण आखून घ्या. चार बाजू बरोबर आल्या तरी कोपरे काटकोनात येत नाहीत, हे त्यांना लगेच दिसते. मग दोरीचा ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा त्रिकोण होईल अशा खुणा करून काटकोन साधायला लावा, आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजायला लावा. ते सारखे आले तर आखणी चोख. २७ गुणिले १६ म्हणजे ४३२ चौरस मीटर, हे फळ्यावर सांगावे लागत नाही. एका तासात ते होत नाही, सलग दोन तास घ्या, आणि सकाळचे घ्या.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मंत्र्यांनी सभागृहात ‘क्रीडा शिक्षकांची पदे भरू’ असे सांगितले होते. पुढे काही नाही. आता काय?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आधी ते वाक्य जसेच्या तसे कार्यवाहीतून मिळवा, वर्तमानपत्राचे कात्रण पुरत नाही. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. हे विधान आश्वासन म्हणून नोंदले गेले का आणि त्याची सद्यःस्थिती काय, हे आमदारांनी समितीकडे लेखी विचारावे. लेखी उत्तर अपुरे वाटत असेल तर त्यावर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. ज्या उपप्रश्नाने मंत्री थांबतात तो साधारण असा असतो : ‘कोणत्या दिनांकापर्यंत?’ तो चिठ्ठीवर लिहून आमदारांना द्यायला विसरू नका.

पदांचा प्रश्न विचारताना कायद्यातला शब्द वापरा. सहावी ते आठवीत १०० हून अधिक पट असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत, असे शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट सांगते. ‘क्रीडा शिक्षक’ म्हटले की संच मान्यतेतल्या (पटावरून शाळेला मंजूर होणाऱ्या) पदांचे उत्तर येते, निदेशकांचे येत नाही. दोन्ही वेगळे विचारा, आणि पट १०० च्या वर असलेल्या तुमच्या तालुक्यातल्या शाळांची यादी यूडायस क्रमांकासह सोबत द्या.

प्रश्न : आमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत. ते सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न विचारतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : विचारतात, आणि मतदारसंघातल्या शाळेसाठी तर हौसेने विचारतात. ते स्वतः मंत्री असतील तर मात्र प्रश्न विचारू शकत नाहीत. अशा वेळी त्यांना सरळ पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. प्रश्न शेजारच्या मतदारसंघातल्या किंवा विधान परिषदेतल्या सदस्यांकडून द्या. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे असू शकतात. दोन वेगळ्या पक्षांचे सदस्य एकाच मैदानासाठी सही करायला तयार असतील, तर तसाच द्यावा, त्याचे उत्तर देताना खाते जास्त काळजी घेते.