वाचकांचे प्रश्न : हातातले पुस्तक आणि वाटेवरचे पुस्तक

गेल्या अंकात आम्ही वाचकांना दोन गोष्टी विचारल्या होत्या : आपण सध्या काय वाचत आहात, आणि कोणत्या आगामी कादंबरीची वाट पाहत आहात. पुस्तकांची नावे तर आलीच, पण त्यांच्याबरोबर प्रश्नही आले, आणि ते प्रश्न वाचताना जाणवले की वाचनाविषयी इतरांशी बोलण्यात अनेकांना संकोच वाटतो. त्यांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : वाचनाची आवड असलेली मंडळी भेटली की ‘सध्या काय वाचताय?’ असे विचारतातच. मी पुस्तकाचे नाव सांगतो, ‘चांगले आहे’ म्हणतो आणि तिथेच अडखळतो. कथानक सांगू लागलो तर ऐकणाऱ्याचे लक्ष उडते, आणि पुस्तक अर्धेच वाचून झालेले असल्यामुळे मत देणेही योग्य वाटत नाही. पुस्तक संपेपर्यंत गप्प राहावे का?

उत्तर : मुळीच राहू नये. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा आहे की अर्धवट वाचलेल्या कादंबरीविषयी वाचक जितके खरे बोलतो, तितके ती संपल्यावर बोलत नाही. शेवट कळला की आधीची सगळी पाने त्या शेवटाच्या उजेडात दिसू लागतात. मध्यावर असताना मनात आलेल्या शंका, चुकलेले अंदाज, एखाद्या पात्रावर टाकलेला आणि पुढे खोटा ठरलेला विश्वास हे सारे पुसले जाते आणि उरतो तो केवळ अभिप्राय. अभिप्राय ऐकून आपण मान डोलावतो. पुस्तक मागून घ्यावेसे मात्र क्वचितच वाटते.

आमच्या वाचकगटातील एक उदाहरण सांगतो. एरवी फारसे न बोलणाऱ्या एका सदस्या एकदा म्हणाल्या, “मी 142व्या पानावर आहे. सून घर सोडून गेली आहे हे सासूला अजून ठाऊक नाही, आणि लेखिका गेली नऊ पाने तिला नुसत्या कपड्यांच्या घड्या घालायला लावते आहे. प्रत्येक घडीला मला वाटते, आता ती कपाट उघडणार.” एवढे बोलून त्यांनी त्या नऊ पानांतील अर्धे पान वाचून दाखवले. वाचताना त्यांचा आवाज आपोआप खाली गेला होता. त्यांनी कथानक सांगितले नव्हते आणि पुस्तक चांगले की वाईट हेही सांगितले नव्हते, तरी त्याच दिवशी तिघांनी त्या पुस्तकासाठी नंबर लावला.

आपण कुठवर आलो आहोत, तिथे आपल्याला कशाने धरून ठेवले आहे आणि पुढे काय होईल असे वाटते, एवढे सांगितले की पुरे. कादंबरी कोणाच्या तोंडून सांगितली जाते आहे याचाही उल्लेख जरूर करावा, कारण पुस्तक आपल्या प्रकृतीचे आहे की नाही हे ऐकणाऱ्याला त्यावरून पुष्कळसे कळते. आणि शक्य असेल तेव्हा अर्धे पान मोठ्याने वाचावे. लेखकाची भाषा ऐकल्याखेरीज कादंबरीची कल्पना येत नाही, आणि ती भाषा आपल्या शब्दांत सांगता येत नाही.

प्रश्न : आम्ही सहा जण एकच कादंबरी एकाच वेळी वाचायला घेतो, परंतु प्रत्येकाची गती वेगळी असते. मागच्या महिन्यात एकाने बोलण्याच्या ओघात शेवट सांगून टाकला आणि दोघांनी पुस्तक मिटून ठेवले. शेवट कळल्याने खरोखरच इतके बिघडते का?

उत्तर : या प्रश्नाची प्रयोगाने तपासणी झालेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बारा लघुकथा वाचायला दिल्या होत्या. काही वाचकांना शेवट आधी सांगितला होता, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांनी एकंदरीत कथांना थोडी अधिकच पसंती दिली. पुढे इतर अभ्यासकांना नेमके याच्या उलट निष्कर्षही मिळाले, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. शिवाय लघुकथा आणि चारशे पानांची कादंबरी यांत मोठे अंतर आहे, कारण कादंबरीत वाचकाने कित्येक दिवस एका अनिश्चिततेसोबत काढलेले असतात.

माझे मत असे की शेवट कळणे आणि शेवट न मागता सांगितला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो वाचक उत्सुकता सहन न होऊन स्वतःच शेवटचे पान उघडतो, त्याचे काही हरवत नाही, कारण तो त्याचाच निर्णय असतो. आपल्या दोन मित्रांचा निर्णय मात्र दुसऱ्याने घेतला, आणि त्यांची नाराजी त्यामुळे आहे. भेटीपूर्वी ‘या वेळी अमुक प्रकरणापर्यंतच बोलायचे’ असे ठरवून घ्यावे, आणि जो पुढे गेला असेल त्याने त्या दिवशी प्रामुख्याने ऐकण्याचे काम करावे. यात त्याचाही लाभ आहे : इतरांचे अंदाज ऐकताना लेखकाने कुठे काय पेरून ठेवले होते आणि ते आपल्या नजरेतून कसे निसटले, हे त्याला दिसू लागते. मिटून ठेवलेले पुस्तक त्या दोघांनी काही महिन्यांनी पुन्हा हाती घ्यावे, असेही मी सुचवीन.

प्रश्न : एका कादंबरीमालेचे प्रसिद्ध झालेले सर्व भाग मी वाचले आहेत आणि पुढच्या भागाची कित्येक वर्षे वाट पाहत आहे. घोषणा होतात, तारखा पुढे जातात. आता लेखकाचा राग येऊ लागला आहे. मालिका पूर्ण झाल्याशिवाय हातीच घेऊ नये, हे माझ्या मैत्रिणीचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : आपला राग मला समजतो, कारण तो प्रेमातूनच आलेला आहे, ज्या पात्रांची आपल्याला काळजी नसते, त्यांच्या पुढच्या भागाची आपण वाट पाहत नाही. तरीही आपल्या मैत्रिणीचे म्हणणे मला मान्य नाही. तिचा नियम मागच्या पिढ्यांनी पाळला असता, तर कादंबरी हा प्रकार इतका फोफावलाच नसता.

एकोणिसाव्या शतकात कित्येक मोठ्या कादंबऱ्या वाचकांपर्यंत हप्त्याहप्त्यानेच पोहोचल्या. चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्या मासिक किंवा साप्ताहिक भागांत निघत. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरीही 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. त्या वाचकांना पुढचे प्रकरण हवे असले तरी ते मिळण्याचा मार्गच नव्हता. मधल्या दिवसांत त्यांच्या हाती एवढेच होते की झालेल्या भागावर आपसांत बोलावे आणि तर्क लढवावेत. थांबण्याचा तो काळ वाचनाचाच भाग होता. धोकाही तेव्हा होताच. डिकन्सच्या शेवटच्या कादंबरीचे बारा भाग ठरले होते; 1870 मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा सहाच लिहून झाले होते, आणि तिच्यातील रहस्याचा उलगडा कसा होणार होता याविषयी वाचक आजही तर्क करीत आहेत. अपूर्ण राहूनही ती कादंबरी वाचली जाते.

लेखकाला लागणाऱ्या वेळाविषयीही थोडे बोलले पाहिजे. अरुंधती रॉय यांची पहिली कादंबरी 1997 मध्ये आली आणि दुसरी 2017 मध्ये, म्हणजे मध्ये वीस वर्षे गेली. मार्गारेट ॲटवूड यांनी 1985 मधील आपल्या एका कादंबरीचा उत्तरार्ध 2019 मध्ये दिला, तेव्हा पहिल्या पुस्तकाच्या अनेक वाचकांची मुलेही वाचती झाली होती. कादंबरी हे ठरलेल्या दिवशी पोचते करण्याचे काम नव्हे. प्रकाशक तारीख जाहीर करतो ती व्यवहाराची गरज म्हणून. लेखकाच्या टेबलावर मात्र एखादे पात्र हलायला तयार नसते, आणि त्याला जबरदस्तीने हलवले तर ते वाचकाला पहिल्याच प्रकरणात कळते. घाईने पुरा केलेला शेवट वाचून हळहळण्यापेक्षा थांबणे मला अधिक बरे वाटते.

नॉर्वेतील एक उपक्रम येथे मुद्दाम सांगतो. केटी पॅटर्सन या कलावतीने 2014 मध्ये ऑस्लोजवळच्या नॉर्डमार्का जंगलात एक हजार रोपे लावून घेतली. दरवर्षी एक लेखक किंवा लेखिका एक अप्रकाशित हस्तलिखित देते, ते ऑस्लोच्या सार्वजनिक ग्रंथालयात कोणी न वाचता जपून ठेवले जाते, आणि 2114 मध्ये त्याच झाडांपासून केलेल्या कागदावर ही सर्व पुस्तके छापली जाणार आहेत. पहिले हस्तलिखित ॲटवूड यांनीच दिले. ते लिहिणाऱ्यांनाही छापील पुस्तक पाहायला मिळणार नाही, तरी ते लिहीत आहेत. हे वाचले तेव्हा पुढच्या वाचकांवरचा त्यांचा हा विश्वास पाहून मी खरोखर भारावून गेलो.

आता आपण प्रत्यक्ष काय करू शकता ते सांगतो. मालिकेचा पहिला भाग पुन्हा वाचायला घ्या, आणि या वेळी एक वही जवळ ठेवा. लेखकाने उपस्थित करून सोडून दिलेला प्रत्येक प्रश्न पानाच्या क्रमांकासह टिपा : हरवलेले पत्र, नाव न सांगितलेला पाहुणा, अर्ध्यावर तोडलेले वाक्य. मी एका मालिकेसाठी अशी वही केली, तेव्हा पहिल्याच भागातून एकतीस प्रश्न निघाले. त्यांपैकी सात पहिल्या वाचनात माझ्या लक्षातही आले नव्हते. नंतर त्याच मालिकेच्या दुसऱ्या एखाद्या वाचकाशी ते प्रश्न ताडून पाहा, दोघांनी आपापले अंदाज स्वतंत्र कागदावर लिहा, पाकिटे बंद करून एकमेकांच्या स्वाधीन करा आणि नवा भाग वाचून झाल्यावरच उघडा. आपल्या मैत्रिणीला या खेळात ओढता आले तर उत्तमच, कारण त्यासाठी तिला पहिला भाग वाचावाच लागेल.

प्रश्न : सर्वांनी मोठ्या अपेक्षेने वाट पाहिलेली एक कादंबरी आली. गटात सगळे तिचे कौतुक करीत आहेत आणि मला साठ पानांपुढे जाववत नाही. तसे सांगितले तर हिरमोड होईल, म्हणून मी वाचत असल्याचे भासवते. काय करावे?

उत्तर : भासवणे आजच थांबवावे, कारण त्याचा त्रास पुस्तकाला किंवा गटाला नसून आपल्यालाच होतो आहे. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांत पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे आणि वाचलेल्याविषयी गप्प राहण्याचाही. आपण गप्प मात्र राहू नये असे मला वाटते. “मला आवडले नाही” एवढेच सांगून थांबू नका. कोणत्या पानावर आणि कशामुळे थांबलात ते सांगा. संवाद कृत्रिम वाटले, की इतकी पात्रे एकदम आली की नावांचा गोंधळ झाला, की आपण दुसऱ्याच कशाची अपेक्षा धरून बसला होता? बहुप्रतीक्षित पुस्तकांच्या बाबतीत हे तिसरे कारण फार वेळा खरे असते. वाट पाहताना आपण मनात एक कादंबरी रचून ठेवलेली असते आणि हाती येते ती वेगळी. तसे असेल तर सहा महिने ती बाजूला ठेवावी.

प्रश्न : माझ्या आवडत्या लेखकाची एक अप्रकाशित कादंबरी त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध होणार आहे. मी तिची आतुरतेने वाट पाहत आहे, पण ज्यावर लेखकाने शेवटचा हात फिरवलेला नाही ते वाचणे त्याच्यावर अन्याय ठरेल का, अशी टोचणीही लागली आहे.

उत्तर : ही टोचणी मला महत्त्वाची वाटते. अलीकडचे ठळक उदाहरण गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांचे आहे. 2014 मध्ये त्यांचे निधन झाले. स्मरणशक्ती क्षीण होत असताना लिहिलेली त्यांची शेवटची छोटी कादंबरी जमलेली नाही, ती नष्ट करावी, असे त्यांचे स्वतःचे मत होते. त्यांच्या दोन्ही मुलांनी त्या मताविरुद्ध जाऊन 2024 मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि आपण वडिलांची इच्छा मोडली आहे हे त्यांनी प्रस्तावनेत लपवले नाही. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. कोणता मजकूर लेखकाचा, कोणता खर्डा वापरला आणि संपादकाने कुठे हात लावला, हे पुस्तकात स्पष्ट सांगितलेले असेल तर वाचकाने संकोच करू नये. ते सांगितलेले नसेल, तर मी स्वतः थांबतो.

आपण ती जरूर वाचा, पण एक क्रम पाळा. आधी त्या लेखकाची हयातीत प्रसिद्ध झालेली, आपल्या सर्वांत आवडीची कादंबरी पुन्हा वाचा आणि मग ही उघडा. म्हणजे कुठले वाक्य त्याने अजून घासूनपुसून घेतले असते हे आपल्याच कानाला कळेल. ज्याने या लेखकाचे काहीच वाचलेले नाही, अशा मित्राच्या हाती मात्र हे पुस्तक पहिले म्हणून देऊ नका. त्याला ती जुनी, आवडती कादंबरीच द्या, आणि तो तिच्या मध्यावर पोहोचला की विचारा, कुठवर आलात?