मुलाखतीनंतरचे पत्र: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मुलाखत दिल्यानंतर आभाराचे पत्र पाठवावे, असे मागच्या वेळी या सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: मी कृषी पदवीधर आहे. जळगावला ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत फील्ड ऑफिसरच्या जागेसाठी मुलाखत झाली. केळीची लागवड दीड बाय दीड मीटरवर असेल तर हेक्टरी झाडे किती, या साध्या प्रश्नाला मी गडबडून ६,६६६ असे उत्तर दिले. पत्रात ही चूक मान्य करावी का? (एक वाचक, रावेर)

उत्तर: करावी, पण एका वाक्यात आणि गयावया न करता. तुम्ही दहा हजार चौरस मीटरला दीडने एकदाच भागलेत. एका झाडाला दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन चौरस मीटर जागा लागते, त्या सव्वादोनने भागले असते तर ४,४४४ आले असते. केळीच्या रावेर-यावल पट्ट्यात वाढलेल्या मुलाला हा हिशेब येत नाही, असे समोरच्यांनाही वाटले नसेल. तुम्ही दडपणाखाली गोंधळता, एवढीच नोंद झाली असेल आणि ती पुसायला पत्राइतकी चांगली जागा नाही. मजकूर साधारण असा असावा:

‘काल फील्ड ऑफिसर पदाच्या मुलाखतीसाठी आपण वेळ दिलात, त्याबद्दल मी आभारी आहे. झाडांची संख्या काढताना मी दीडने एकदाच भागले होते. बरोबर उत्तर हेक्टरी ४,४४४ आहे. क्षारांमुळे ड्रिपर चोक होण्याच्या ज्या तक्रारींचा आपण उल्लेख केलात, त्या आमच्या बागेतही येतात. ॲसिड ट्रीटमेंट आणि लॅटरल फ्लश करण्याचे काम मी स्वतः करतो, त्यामुळे शेतकऱ्यांना ते बांधावर करून दाखवू शकेन.’

यात आभार पहिल्या वाक्यातच संपले आहेत, हे लक्षात घ्या. बाकीचे पत्र कामाविषयी आहे, आणि ते या एकाच कंपनीला, या एकाच बोलण्यानंतर लिहिता येण्यासारखे आहे. ‘आपल्या नामांकित संस्थेत काम करणे हे माझे स्वप्न आहे’ हे वाक्य मात्र कोणालाही पाठवता येते, म्हणून ते खोडावे. चुका तीन-चार झाल्या असतील तर त्यांतली सर्वांत ठळक तेवढीच दुरुस्त करावी, नाहीतर पत्राचे शुद्धिपत्र होते. पत्र त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. निर्णय झाल्यावर पोहोचलेली दुरुस्ती कोणाच्याच कामाची नसते.

प्रश्न: माझी एका सरकारी पदासाठी मुलाखत झाली. समितीतील एका सदस्यांचा ई-मेल पत्ता मला मिळाला आहे. त्यांना पत्र पाठवू का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर: मुळीच पाठवू नका. सरकारी भरतीत निवड समितीशी परस्पर संपर्क साधणे हा दबाव आणण्याचा प्रयत्न मानला जाऊ शकतो, आणि असा प्रयत्न करणारा उमेदवार अपात्र ठरेल अशी अट बहुतेक जाहिरातींत असते. रेल्वेत किंवा आयुध निर्माणीत भरती होऊ पाहणारी बरीच मुले भुसावळ परिसरात आहेत, त्यांच्यासाठी जाता जाता सांगतो की केंद्र सरकारच्या गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंदच झाल्या आहेत.

प्रश्न: एका डाळ मिलमध्ये हिशेबनिसाच्या जागेसाठी शेठजींनी स्वतः मुलाखत घेतली. सगळे बोलणे मराठीत झाले. पत्र इंग्रजीत लिहिले तर वजन पडेल, असे मोठा भाऊ म्हणतो. (एक वाचक, अमळनेर)

उत्तर: मुलाखत ज्या भाषेत झाली, त्याच भाषेत पत्र लिहावे. बोलताना ‘शेठजी’ ठीक आहे, पत्रात ‘मा. श्री.’ आणि पूर्ण नाव लिहावे, सुरुवात ‘महोदय’ने करावी आणि शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहावे. ‘स. न. वि. वि.’ येथे नको, कारण त्यातला पहिला ‘स’ सप्रेमचा आहे आणि तुमची ओळख अजून एका बैठकीची आहे. बोलावणे व्हॉट्सॲपवर आले असेल तर पत्रही तेथेच पाठवावे, मात्र व्हॉइस मेसेज किंवा हात जोडलेली चित्रे पाठवू नयेत. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर उघडला की निरर्थक अक्षरांची रांग दिसते, आणि हिशेबनिसाकडून असे पत्र येणे बरे नव्हे.

प्रश्न: ‘आठ दिवसांत कळवू’ म्हणाले होते, पंधरा दिवस झाले. आभाराचे पत्र तेव्हाच पाठवले आहे. आता फोन करू, की मामांच्या ओळखीतून विचारू? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर: मामांना यात आणू नका, ओळखीचा निरोप गेला की तुमच्या चांगल्या मुलाखतीकडेही वशिला म्हणून पाहिले जाते. आधीच्याच ई-मेलला उत्तर म्हणून दोन ओळी पाठवा: मुलाखतीची तारीख, पदाचे नाव, आणि निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे एवढा एकच प्रश्न. त्यानंतर आठवडाभर उत्तर आले नाही तर कामाच्या वेळेत एकदाच फोन करावा. नकार आला तरी तीन ओळींचे सभ्य उत्तर द्यावे आणि पुढे जागा निघाल्यास विचार व्हावा, असे त्यात लिहावे. निवडलेला उमेदवार आयत्या वेळी पुण्याला किंवा सुरतेला निघून जातो, असे आपल्याकडे अनेकदा घडते, आणि अशा वेळी नवी जाहिरात देण्याआधी आधीच्याच यादीतल्या कोणाला तरी फोन केला जातो.