कोर्फूची मडकी आणि चुकलेला शनिवार

राजारामपुरीतून एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांच्या ७१ वर्षांच्या ख्रिस्ती मैत्रिणीला ग्रीसच्या कोर्फू बेटावरचा ईस्टर एकदा तरी बघायचा होता. कोल्हापुरातल्या एका टूरवाल्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक पाठवलं : ‘कोर्फूचा ईस्टर, शनिवारी सकाळी ११ वाजता बाल्कन्यांतून मडकी फेकण्याचा सोहळा.’ दोघींचे मिळून ४ लाख ७० हजार रुपये मैत्रिणीच्या खात्यातून गेले. ४ एप्रिल २०२६ च्या शनिवारी दोघी दहापासून रस्त्यावर उभ्या होत्या. एकही मडकं पडलं नाही. हॉटेलातल्या माणसानं सांगितलं, ‘आमचा ईस्टर पुढच्या रविवारी.’ परतीचं विमान ७ तारखेचं. टूरवाला आता म्हणतो, ठरलेली सगळी ठिकाणं दाखवली, पैसे परत मिळत नाहीत, आणि वाद असेल तर मुंबईच्या न्यायालयात या. भगिनी विचारतात : पावती माझ्या नावावर नाही, मग मला तक्रार करता येईल का? फसवणुकीचा गुन्हा नोंदवावा का?

ताई, पत्र वाचून वाईट वाटलं. चूक कुठं झाली ते आधी सांगतो, कारण तुमची केस त्यावरच उभी राहणार आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरची तारीख जुन्या ज्युलियन गणनेनं काढतं. त्यामुळं यंदा आपल्याकडच्या बहुतेक चर्चमध्ये ईस्टर ५ एप्रिलला झाला, तर कोर्फूत १२ एप्रिलला. मडकी फुटली ती ११ तारखेला. जोतिबाची चैत्र यात्रा दाखवतो म्हणून पैसे घ्यायचे आणि पौर्णिमेच्या आठ दिवस आधी डोंगरावर नेऊन सोडायचं, तसं हे झालं. डोंगर तोच, देऊळ तेच, पण सासनकाठ्या नाहीत. ‘ठिकाणं दाखवली’ हे उत्तर म्हणूनच पुरेसं नाही. तुम्ही ठिकाणाइतकेच त्या दिवसाचे पैसे दिले होते, आणि तो दिवस माहीत असणं हेच टूरवाल्याचं काम होतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ही सेवेतली त्रुटी आहे, आणि पत्रक दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतं. पावतीची काळजी नको. ज्यानं पैसे दिले त्याच्या संमतीनं सेवा घेणारी व्यक्तीही कलम २(७) प्रमाणे ग्राहकच असते. तरी तक्रारीत दोघींचीही नावं घाला. मुंबईच्या अटीला घाबरू नका; तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागायचा हक्क कलम ३४ नं दिला आहे. म्हणजे तक्रार कोल्हापुरातच करता येईल. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं शुल्कही लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण इतकं थांबू नका.

पोलिसांकडं जाण्याचा सल्ला मी देणार नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनचा खोटा हेतू दाखवावा लागतो. इथं मला अज्ञान आणि बेफिकिरी दिसते.

समोरचा वकील काय म्हणेल याचीही तयारी ठेवा. ५ एप्रिलला कोर्फूत झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार होता आणि त्या दिवशी बेटाचे रक्षक मानले जाणारे संत स्पिरिडॉन यांची मिरवणूक निघते. १६२९ च्या प्लेगमधून बेट वाचलं, त्याची ती आठवण. ‘ईस्टरचाच सोहळा दाखवला’ असं तो म्हणणारच. तुम्ही ती मिरवणूक पाहिली असेल तर तक्रारीत तसं स्पष्ट लिहा. लपवलेलं उलटतपासणीत बाहेर आलं की खरी गोष्टही खोटी वाटू लागते. पत्रकात मडक्यांचा आणि ११ वाजताचा उल्लेख आहे, हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. नुसतं ‘ईस्टर स्पेशल’ एवढंच असतं, तर मी इतक्या खात्रीनं बोललो नसतो.

म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅप संवाद पुसू नका आणि शक्यतो फोनही बदलू नका. त्याच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. बँकेचा उतारा आणि परतीची तिकिटंही लावा.

मागणी मात्र बेतानं करा. याच सहलीत अथेन्स तुम्ही पाहिलंत, राहिलात, जेवलात. पूर्ण ४ लाख ७० हजार मागितले तर मागणी फुगवलेली दिसेल. कोर्फूच्या मुक्कामाचा आणि तिथवरच्या प्रवासाचा खर्च वेगळा काढा, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. मैत्रिणीचं वय आणि हा प्रवास तिला पुन्हा झेपणं किती अवघड आहे, हे तिच्याच शब्दांत शपथपत्रात येऊ द्या.

आधी १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. कायद्यानं ती बंधनकारक नाही, पण अशी बरीच प्रकरणं नोटिशीवरच मिटतात. तोवर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करा. मैत्रिणीला दर तारखेला यायला जमणार नसेल, तर व्हिडिओ कॉन्फरन्सनं हजर राहू देण्याचा विनंती अर्ज तक्रारीसोबतच जोडा.