सिलिॲक असलेल्या मुलाला मुंबईत कसं वाढवायचं? गहू बंद म्हणजे नेमकं काय काय बंद?

ताई, तुम्ही डोंबिवलीहून विचारलंय की सहा वर्षांच्या मुलाला सिलिॲक (गहू-बार्लीतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) निघालाय आणि डॉक्टरांनी गहू आयुष्यभर बंद सांगितलाय. ग्लूटेन-फ्री पाकिटं परवडत नाहीत, सासूबाई म्हणतात ‘एवढंसं खाल्लं तर काय होतंय’, आणि शाळा-सण-बाहेरचं खाणं कसं जमवायचं, घरातल्या सगळ्यांनीच गहू सोडायचा का, हेही कळत नाहीये. माझ्या मुलीला हाच आजार चौथ्या वर्षी निघाला, आता ती आठवीत आहे. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि ओट्याजवळचं जास्त सांगते.

आधी पाकिटांचा विचार डोक्यातून काढा. महागडी ग्लूटेन-फ्री बिस्किटं बहुतेक मक्याचा नाहीतर साबुदाण्याचा स्टार्च आणि साखर असतात. मुलाचं आतडं अजून भरून यायचंय, त्याला लोह हवंय, कॅल्शियम हवंय. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, तांदूळ, वरई, राजगिरा सगळं आहे. नाचणीत तर १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. पंजाबातल्या आईला घरचं रोजचं जेवणच बदलावं लागतं, आपल्याला फक्त चपाती काढून भाकरी पुढे आणायची आहे. पैसे आणि डोकं खर्च करायचं ते दळणावर आणि माणसांवर.

दळणाचं बघा. गिरणीत ज्वारी दळून आणली की ती ज्वारी राहत नाही. आमचे गिरणीवाले मामा फार भले. म्हणाले, “वहिनी, सकाळचं पहिलं दळण तुमचंच घेतो, आधी किलोभर तांदूळ काढून टाकतो.” पण दगडांच्या खाचांत कालचा गहू बसलेला असतो आणि दुकानाच्या हवेतही पीठच असतं. म्हणून आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घालत नाही. ते आत्ता शक्य नसेल तर तांदूळ धुऊन, पंख्याखाली कापडावर वाळवून मिक्सरमध्ये दळा. एका लहान जिवाला पुरेल एवढं पीठ निघतं. आणि ज्वारी सुटी आणत असाल तर ताटात पसरून डोळ्यांनी निवडा. वाण्याकडे गव्हाच्या पोत्यातलं माप ज्वारीच्या पोत्यात जातं. मी आजही निवडायला बसते तेव्हा ताटाच्या कडेला चार-पाच गव्हाचे दाणे निघतातच.

भाकरी डब्यात दुपारपर्यंत कडक होते ही खरी अडचण. पीठ ताजं ठेवा, जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी केली तर ती ज्वारीपेक्षा जास्त वेळ मऊ राहते. तव्यावरून काढली की लगेच तूप लावून कपड्यात गुंडाळायची. नाहीतर घावन, थालीपीठ. थालीपिठाची भाजणी मात्र घरचीच, विकतच्या भाजणीत बऱ्याचदा गहू असतो.

आता हिंग. हा कुणी सांगत नाही म्हणून ठळक सांगते. खडा हिंग इतका उग्र असतो की बाजारातला पूड हिंग कशात तरी मिसळूनच येतो, आणि ते बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतं. म्हणजे रोजच्या वरणाच्या फोडणीतून गहू पोटात जातोय. शिवाय गोडा मसाला, सांबार मसाला, लोणचं, पापड, चकली, फरसाण, सगळीकडे हिंग. डबीवरचे घटक वाचा, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. तसंच दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी (माल्ट म्हणजे बार्ली, तिच्यातही ग्लूटेन असतं), सोया सॉस, साधे ओट्स, शेवया, रवा हे सगळं बंद. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर एफएसएसएआयच्या (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, तेवढ्यापुरता त्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात द्या. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन जरी गेलं तरी आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलंय. एका चपातीत अडीच-तीन ग्रॅम असतं. म्हणजे चपातीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक रोज पुरे. आणि पोट दुखलं नाही म्हणजे पचलं असं होत नाही. आतड्याच्या आतले बारीक अंकुर झिजत राहतात, अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, उंची थांबते. आमच्या आईंना (माझ्या सासूबाई) एक गोष्ट पटली, ती तुम्हीही सांगून बघा. विलेम डिके नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे दुष्काळ पडला, पाव मिळेना. माणसं उपाशी, आणि या आजाराची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता, तो पक्का झाला आणि १९५०मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्या दिवसापासून आईंनी नातीचा तवा, पोळपाट आणि चाळण वेगळ्या फळीवर ठेवली आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुम्हीही घरातलं एक माणूस असं पूर्ण आपल्या बाजूला घ्या. तुम्ही ऑफिसात असताना तेच उपयोगी पडतं.

बाहेर खायचं तर उपवासाचे पदार्थ बघा. उपवासाला आपण धान्य टाळतो आणि फोडणीत हिंगही घालत नाही, त्यामुळे दादर-गिरगावातल्या मराठी उपाहारगृहांत साबुदाण्याची खिचडी आमच्यासाठी सगळ्यात निर्धास्त. साबुदाणा वडा मात्र नको, समोसा ज्या तेलात तळलाय त्यातच तो तळतात. चौपाटीवर भेळेतली पुरी मैद्याची. भाजलेलं कणीस, शहाळं, खारे दाणे चालतात. गणपतीत उकडीचे मोदक पोटभर खाऊ द्या. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो, तिथे मुलाच्या हातावर साखर-केळं ठेवायला आधीच सांगून ठेवायचं. देवाला काही वाटत नाही, हे गुरुजींच्या तोंडून वदवून घेतलंत तर घरातले वादही मिटतात.

शाळेत वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या आणि वाढदिवसाच्या केकसाठी राजगिऱ्याच्या चिक्कीचा एक डबा वर्गाच्या कपाटातच ठेवून द्या. मुलांच्या रंगीत क्लेमध्येही गव्हाचं पीठ असू शकतं, तेव्हा हात धुणं सक्तीचं. पण सगळ्यात जास्त मेहनत मुलावर घ्या. सहाव्या वर्षी त्याला ‘मला गहू चालत नाही, त्याने मी आजारी पडतो’ एवढं न लाजता म्हणता आलं पाहिजे. माझी मुलगी बिल्डिंगमध्ये कुणाच्याही दारात उभी राहून विचारते, “काकू, यात रवा आहे का?” आणि काकू डब्याचं झाकण उघडून दाखवतात.

टीटीजीची (या आजारात रक्तात वाढणाऱ्या अँटीबॉडीची) रक्ततपासणी सुरुवातीला दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा करावी लागते, सोबत हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि उंचीची नोंद. आकडा हळूहळू उतरतो, कधी वर्षाच्या वर लागतं, घाबरू नका.

राहिला सगळ्यांनी गहू सोडायचा प्रश्न. आत्ता लगेच सोडू नका. तुमची धाकटी तीन वर्षांची आहे म्हणालात. आईवडील आणि सख्ख्या भावंडांत हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक असते, त्यामुळे तिची आणि तुम्हा दोघांचीही टीटीजी करून घ्या, आणि ती गहू खाणं चालू असतानाच करा. गहू बंद केल्यावर तपासणी खोटी नॉर्मल येते. तिघांचे रिपोर्ट हातात आले की मग घरात चपाती ठेवायची की नाही ते ठरवा.