आवाज फुटला, आता मुलाला परत आणू का?

"मॅडम, गाण्यासाठी म्हणून पोराला तिथं ठेवलं आणि आता तो गातच नाही. परत आणू का घरी?" संगीत-नृत्याच्या निवासी शाळेत मुलगा असलेले पालक समुपदेशक म्हणून मला हे हमखास विचारतात, तेही तो आठवी-नववीत गेल्यावर. तबला किंवा कथक शिकणाऱ्यांच्या घरून हा प्रश्न क्वचितच येतो. गाणाऱ्याचं वाद्य त्याच्या गळ्यातच असतं आणि मुलांच्या बाबतीत साधारण बारा ते पंधरा या वयात ते वाद्यच बदलतं.

ओंकार (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) सहावीत शाळेत आला तेव्हा भूप राग गाताना तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'वर, सहज जाऊन थांबायचा. स्पर्धांमध्ये बक्षिसं, गावच्या गणपतीत दरवर्षी गाणं, सगळं होतं. आठवीच्या दिवाळीनंतर मात्र सकाळच्या रियाजाच्या वेळी त्याचं पोट दुखू लागलं. पोटात काही सापडेना, तेव्हा वसतिगृहाच्या ताईंनी त्याला माझ्याकडे पाठवलं.

तो बोलायला लागला आणि माझं लक्ष त्याच्या आवाजाकडे गेलं. बारीक, वर ओढून धरलेला आवाज. दर वाक्याआधी घसा खाकरायचा. बोलता बोलता त्याच्या हातून पाण्याची बाटली निसटली आणि तोंडून "अरे!" निघालं, ते चांगलं जाड, बाप्याच्या आवाजात. तो एकदम गप्प झाला, कान लाल. आवाज केव्हाच उतरला होता. जुना आवाज जाऊ नये म्हणून हा मुलगा दिवसभर, साधं बोलतानासुद्धा, गळा आवळून धरत होता.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "आमच्या वर्गाचा तंबोरा काळी चारला, उंच पट्टीत लागतो. माझ्या एकट्यासाठी पट्टी कोण उतरवणार? आणि गावात म्हणतील, गेला याचा आवाज."

मी त्याला आरशासमोर उभं केलं, कंठमणी दाखवला. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, त्यामुळे आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. मधल्या काळात गळ्यावर ताबा राहत नाही, आवाज चिरकतो. हे काही महिने, कधी वर्षभर किंवा जास्तही चालतं. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच, म्हणून तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.

"होईल सगळं नीट" असं मी त्याला मुद्दाम म्हटलं नाही. तो जुना आवाज परत येणार नव्हता, हे त्यालाही कळत होतं. रविवारी फोन हातात आला की तो सहावीतलं आपलंच रेकॉर्डिंग ऐकत बसायचा. ऐकू दे, असं मी ताईंना सांगितलं. आपल्या हातून काही गेलं तर माणूस हळहळणारच, तेराव्या वर्षीही.

शाळेनं त्याला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. स्वरतंतूंवर थोडी सूज होती, गाठ नव्हती. बोलण्याचा आवाज खाली आणायला स्पीच थेरपिस्टनं व्यायाम दिले. गुरुजींशी मी सविस्तर बोलले आणि त्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी ओंकारसाठी वेगळा तंबोरा काळी एकला, म्हणजे बऱ्याच खालच्या पट्टीत, लावला. गायचं ते मध्य सप्तकातच, तेही पंचमापर्यंत (सा ते प), आणि थोडाच वेळ. गळा दमला की थांबायचं. उरलेल्या वेळात हातानं ताल देत बंदिशी म्हणायच्या, स्वरलिपी लिहायची, पेटी शिकायची, मोठ्या मुलांच्या मागे तंबोऱ्यावर बसायचं. मागे बसून ऐकणं हे आपल्याकडे पूर्वापार शिक्षणच मानलं गेलंय. परीक्षा एक सत्र पुढे ढकलली, स्पर्धा बंद केल्या.

घरच्यांशी बोलणं जास्त अवघड गेलं. वडिलांना वाटत होतं, वर्ष फुकट चाललं. आई दर रविवारी फोनवर पहिलं हेच विचारायची, "आज आवाज कसा आहे?" माउलीचा जीव तुटत होता, पण त्या प्रश्नानंच ओंकारच्या पोटात गोळा यायचा. जेवणाचं विचारा, मित्रांचं विचारा, आवाजाचं त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल, एवढं मी त्यांना विनवलं.

शाळा सोडायची का, हे मी ओंकारलाच विचारलं, पण जरा वेगळं करून. "समजा वर्षभर गायचं नाहीच. तरी इथं राहशील?" तो लगेच लयकारीवर, म्हणजे लयीशी खेळण्यावर, बोलायला लागला, तबल्याच्या वर्गातल्या मित्रावर बोलला, संध्याकाळच्या नाटकाच्या तालमींवर बोलला. हो म्हणायचंही विसरला. आवाज बदलत असताना मूल "मला नाही शिकायचं" म्हणालं, तर त्यावरून लगेच सामान बांधू नये, असं माझं ठाम मत आहे. मात्र वसतिगृहात चिडवाचिडवी, मारहाण किंवा कुणाची भीती असं काही पुढे आलं, तर एक दिवसही थांबू नये. दोन्हींमध्ये पोटच दुखतं, म्हणून मुलाला एकट्याला बसवून विचारायला हवं. आणि घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला किंवा गिळताना, गाताना दुखलं, तर वयाचं आहे म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. कुजबुजत बोलणं म्हणजे गळ्याला विश्रांती नव्हे, त्यानंही ताण येतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ओंकार आपल्या नव्या पट्टीत भूप गायला. मधला षड्ज (सा) स्थिर लागतो, वरचा धैवत (ध) अजून फाटतो. स्वतःचा नवा आवाज त्याला अजून आवडत नाही आणि तसं तो मोकळेपणानं सांगतो. यंदा गावच्या गणपतीत पेटीवर बसेन, गाणार नाही, हे त्यानं वडिलांना फोनवर स्वतः सांगितलं, आणि चार दिवस घुश्शात राहून वडिलांनी मंडळाला तसं कळवलं.