ऊन लागलंय, उद्या बघू?

एप्रिल संपत आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा तोंडवळा ठरलेला असतो. वेगवेगळ्या गावांहून एकच गोंधळ येतो. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हे खरं का? (वाशीम)

नाही. कांदा जेवणात खा, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधा.

माठाचं पाणी चांगलं की फ्रिजचं?

जे स्वच्छ आहे ते. माठ रोज घासून धुवा.

औषधाच्या दुकानात ओआरएस म्हणून फळांच्या चवीचा खोका दिला. मुलं आवडीने पितात. रोज द्यावा का? (यवतमाळ)

आवडीने पितात, कारण त्यात साखर भरपूर आहे. खऱ्या ओआरएसची चव खारट-गुळमट असते. लहानशी पुडी मिळते, ती पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायची आणि 24 तासांत संपवायची किंवा फेकायची. अर्धी पुडी एका ग्लासात टाकायची नाही. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख शोधा. पेयांच्या नावात ‘ओआरएस’ मिरवायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, ती उगाच नव्हे. दुकानदार ‘तेच आहे हो’ म्हणाला तरी पाठीमागचा मजकूर वाचा. आणि जुलाब-उलट्या नसताना धडधाकट मुलाला रोज ओआरएस कशाला? पाणी, ताक, पन्हं पुरे. जुलाब लागले असतील तर ओआरएस सुरू करा आणि बालरोगतज्ज्ञांनाही दाखवा.

बाळ चार महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात, उन्हाळा आहे, चमचाभर पाणी पाजा.

पाजू नका. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच, फक्त जास्त वेळा. पाणी आईने प्यावं. बाळाची लघवी कमी झाली किंवा ते मलूल वाटलं तर त्याच दिवशी दाखवा.

वडील 62 वर्षांचे. दुपारी शेतातून आले तेव्हा अंग भट्टीसारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. आम्ही पॅरासिटामॉल दिली, तळपायांना कांद्याचा रस चोळला, चादर पांघरून निजवलं. रात्री बरं वाटलं. पुन्हा झालं तर गोळी किती तासांनी द्यावी? (अकोला जिल्हा)

द्यायचीच नाही. तुमचं नशीब बलवत्तर म्हणून वडील वाचले.

साध्या तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेतो आणि गोळी त्याला खाली आणते. उष्माघातात शरीराला साचलेली उष्णता बाहेर टाकताच येत नाही. तिथे गोळीचा उपयोग नाही, उलट आधीच ताणलेल्या यकृतावर भार. चादर तर सरळ घातक. तापलेल्या माणसाचं बोलणं बरळल्यासारखं झालं, तोल गेला, झटका आला की तो उष्माघात समजायचा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असतो.

तेव्हा करायचं ते असं. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, विहिरीचं, हापशाचं, मिळेल ते पाणी अंगावर ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, कुशीवर वळवा. पहिला अर्धा तास महत्त्वाचा. आमच्याकडे दुपारी दोनला आडवा झालेला मजूर संध्याकाळी सहाला आणतात, कपाळावर कोरडी झालेली पट्टी, सोबत ‘ऊन उतरवून घेतलं, तरी फरक नाही’ हे वाक्य. तोवर मूत्रपिंडं थकलेली असतात. उतरवायचं असेल ते नंतर उतरवा, आधी पाणी ओता.

वडिलांना बरं वाटत असलं तरी रक्त-लघवी तपासून घ्या. या आठवड्यात.

आम्ही पनवेलचे. विदर्भासारखे 45 अंश इथे होत नाहीत, मग उष्माघाताची काळजी कशाला?

खारघर तुमच्या शेजारीच आहे. 16 एप्रिल 2023 ला तिथल्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण दगावले, तेव्हा पारा 38 च्या आसपास होता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. थर्मामीटरच्या आकड्यावर विसंबू नका.

रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू आहे. उन्हाळ्यात चक्कर येते. बंद करू का?

मनाने नाही. बसून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्या, आकडे लिहून डॉक्टरांकडे जा. मात्रा कमी करायची का, ते ठरवतील. तोवर मीठ-साखर पाण्याचे ग्लासवर ग्लास रिचवू नका. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं हेही विचारूनच.

गावात वीज जाते. इन्सुलिन कुठे ठेवू?

बाटली पिशवीत घट्ट बांधा, कोरड्या डब्यात घाला, डबा ओल्या वाळूच्या माठात सावलीला ठेवा आणि वाळू ओली राहू द्या. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. साखर अचानक वर जाऊ लागली तर बाटलीवर शंका घ्या आणि डॉक्टरांना फोन करा.